चांगला आहे की फक्त उंच आहे? कॉलेज बास्केटबॉलमधल्या सेंटरचं खरं मोजमाप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा बसमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' आणि 'ॲक्चुअली' झाले, त्यातले निम्मे काढून टाकलेत. बाकीचे गोड मानून घ्या.

हा भाग मी फुलंब्रीतून, घरूनच रेकॉर्ड केलाय. मागे मध्येच ट्रॅक्टर ऐकू येतो, तो खरा आहे, इफेक्ट नाही.

विषय निघाला माझ्या मावसभावामुळे. पोरगा संभाजीनगरला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, उंची ६ फूट ३ इंच. आमच्या खानदानात एवढं उंच कुणीच नाही, त्यामुळे लग्नाकार्यात पंखा पुसायला, माळा लावायला त्यालाच बोलावतात. शाळेत सरांनी उंची बघून बास्केटबॉलमध्ये घातला आणि तेव्हापासून तो सेंटर आहे. तालुक्याला खेळला, जिल्ह्याला खेळला, ढिगानं पॉइंट केले. आता विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आहे. आणि घरात चर्चा अशी की एक-दोन वर्षं याच्यावर पैसा लावायचा का? कोचिंग, शूज, खुराक, येणं-जाणं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे काकांना पक्कं माहीत आहे. पण त्यासाठी बऱ्यापैकी वरच्या पातळीवर काहीतरी करून दाखवावं लागतं, हेही माहीत आहे. कापसाच्या पैशातून हे करायचं म्हणजे गंमत नाही.

तर एका रात्री गच्चीवर तो मला म्हणाला, "दादा, एक खरं सांग. मी चांगला खेळतो, का नुसता उंच आहे?"

मी इंजिनिअर माणूस. 'अरे, तू भारीच खेळतोस' म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मोजून सांगतो." आणि तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला.

आधी ज्यांना बास्केटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. संघात मैदानावर पाच जण. सेंटर हा बहुतेक वेळा सगळ्यात उंच गडी, रिंगच्या जवळ खेळणारा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे १० फुटांवर. बॉल त्याच्याकडे रिंगजवळ द्यायचा, त्यानं वळून टाकायचा. समोरच्याचा शॉट अडवायचा, चुकलेला बॉल पकडायचा, म्हणजे रिबाउंड. पाच फाउल झाले की तुम्ही बाहेर.

आता गंमत बघा. कुस्तीत आपण वजनी गट का करतो? ५७ किलोच्या पोराला १०० किलोच्या गड्यासमोर उभं केलं तर डाव कुणाला येतो हे कळणारच नाही, वजनच सगळं ठरवून टाकेल. खाशाबा जाधव १९४८ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात लढले, सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. दोन्ही वेळा समोरचा त्यांच्याच मापाचा. अगदी 'महाराष्ट्र केसरी', जी आपल्याला खुली, मोठ्या गड्यांची कुस्ती वाटते, तिथंही ८६ ते १२५ किलो अशी चौकट आहे. (जाता जाता, पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ साली आपल्या औरंगाबादला झाली होती आणि दिनकर दह्यारींनी जिंकली होती. हे आमच्या इथल्या अर्ध्या पोरांना माहीत नसतं.)

बास्केटबॉलमध्ये असा गटच नाही. ६ फूट ३ इंचाचा सेंटर ५ फूट ९ इंचाच्या पोरासमोर उभा राहू शकतो आणि २५ पॉइंट करून घरी येऊ शकतो. ते पॉइंट खोटे नाहीत. पण ते त्याच्याबद्दल काय सांगतात? फार थोडं. आमच्या क्षेत्रात म्हणतात ना, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'! लॅपटॉपवर एकटा युजर, डेटा दहा ओळींचा, सगळं भन्नाट चालतं. प्रॉडक्शनला लाखभर लोक आले की कळतं काय लिहिलं होतं ते. आपल्याकडच्या उंच पोराचं नेमकं हेच होतं. तालुक्यात, जिल्ह्यात त्याच्या मापाचं कुणी भेटतच नाही, आणि ज्या दिवशी भेटतं तो दिवस नेमका निवड चाचणीचा असतो.

मग सोपं उत्तर वाटतं: बुटक्या सेंटरविरुद्धचे सामने वेगळे काढा, बरोबरीच्या उंचीवाल्यांविरुद्धचे वेगळे, दोन्हीकडची सरासरी लावा, फरक बघा. मी पण हेच करायला बसलो होतो. पण इथं दोन-तीन चकवे आहेत.

समजा एक सेंटर आहे. दहा सामने, सरासरी १८ पॉइंट. छान. आता फोड केली: आठ सामने बुटक्यांविरुद्ध, तिथं सरासरी २०. दोन सामने बरोबरीच्यांविरुद्ध, तिथं १०. निम्म्यावर आला! घरचे म्हणणार, बघा, नुसता उंच होता. पण थांबा. तो मैदानावर किती मिनिटं होता? सामना ४० मिनिटांचा. समजा बुटक्यांविरुद्ध तो ३२ मिनिटं खेळला आणि २० पॉइंट केले. ४० मिनिटांच्या हिशोबानं २५. बरोबरीच्यांविरुद्ध मात्र फाउल झाल्यामुळे १६ मिनिटंच खेळला आणि १० केले. ४० मिनिटांच्या हिशोबानं किती? परत २५! म्हणजे या पोराचं स्कोरिंग उंच माणसासमोर एक इंचही घसरलेलं नाही. त्याचा प्रॉब्लेम हातांचा आहे, उगाच फाउल करतो. तो दोन महिन्यांत सुधारता येतो. तेच १० पॉइंट त्यानं ३४ मिनिटं खेळून केले असते तर ४० मिनिटांना १२सुद्धा भरत नाहीत. मग आजार वेगळा, औषध वेगळं. वहीत मात्र दोघांच्या नावापुढे '१०' एवढंच दिसतं.

दुसरा चकवा जास्त अवघड. 'समोरचा संघ उंच होता' आणि 'याला अडवणारा उंच होता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्या यादीत ६ फूट ५ इंचाचा कुणीतरी आहे, पण तो बेंचवर बसलाय किंवा दुसऱ्यालाच गार्ड करतोय. अशा वेळी 'उंच संघाविरुद्ध २२ पॉइंट' याला काय अर्थ?

याचं एक जबरदस्त उदाहरण आहे, अमेरिकेतलं, १९६८चं. कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासातला बहुतेक सगळ्यात गाजलेला सेंटरांचा मुकाबला. एकीकडे यूसीएलए या कॉलेजचा ल्यू अल्सिंडर, ७ फूट २ इंच. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. दुसरीकडे ह्युस्टनचा एल्विन हेज, ६ फूट ९ इंच. २० जानेवारी १९६८, ॲस्ट्रोडोम स्टेडियम, ५२ हजारांवर प्रेक्षक. यूसीएलए सलग ४७ सामने जिंकून आलेली. ह्युस्टननं त्यांना ७१-६९ हरवलं. हेजचे ३९ पॉइंट, अल्सिंडरचे १५. एका रात्रीत लोकांनी ठरवून टाकलं की मोठा सेंटर कोण.

पण अल्सिंडरच्या डोळ्याला आठ दिवस आधीच्या सामन्यात इजा झाली होती. त्याला नीट दिसतच नव्हतं. १८ शॉटपैकी ४ गेले.

मार्चमध्ये हेच दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत परत भिडले. निकाल यूसीएलए १०१, ह्युस्टन ६९. आणि हेजचे पॉइंट? १०. आता तुम्ही म्हणाल, डोळा बरा झाला, अल्सिंडरनं त्याला आवळला. तर नाही! त्या दिवशी हेजला चिकटून होता लिन शॅकलफर्ड, ६ फूट ५ इंचांचा फॉरवर्ड. बाकीचे चौघं डायमंडसारखी रचना करून रिंगजवळ थांबले आणि अल्सिंडर मागे भिंतीसारखा. म्हणजे कागदावर 'हेज विरुद्ध अल्सिंडर', आणि प्रत्यक्षात हेजला बॉलच मिळू न देण्याचं काम त्याच्यापेक्षा चार इंच बुटक्या पोरानं केलं.

दोन सामने, तेच दोन सेंटर, ३९ आणि १०. यातला कुठला खरा? मला विचाराल तर दोन्ही खरे आणि दोन्ही अपुरे. डोळ्याची इजा आणि बचावाची रचना हे दोन कॉलम टेबलात नसतील तर कितीही फिल्टर लावा, चुकीचंच उत्तर निघणार.

इथंच तिसरी अडचण येते: बरोबरीच्या सेंटरांविरुद्धचे सामने नेहमीच मोजके असतात. समजा दोन सामन्यांत मिळून १२ शॉट मारले. पाच गेले तर ४२ टक्के, सात गेले तर ५८ टक्के. पहिला 'घाबरला', दुसरा 'वाघ आहे'. फरक फक्त दोन बॉल रिंगवर नाचून आत पडले की बाहेर, एवढाच. म्हणून टक्केवारीवर मी फार भरवसा ठेवत नाही. किती वेळा शॉट घेतला, कुठून घेतला, किती वेळा फ्री थ्रो कमावले, किती फाउल स्वतः केले, या गोष्टी नशिबावर तेवढ्या हलत नाहीत. बॉल पकडताना पाय कुठं होते हे तर सगळ्यात बोलकं. बुटक्यांविरुद्ध रिंगपासून दोन पावलांवर बॉल घेणारा सेंटर, तोडीचा गडी आला की पाच पावलांवर बॉल घ्यायला लागतो. त्याला तिथं ढकललेलं असतं. स्कोअरशीटमध्ये हे कुठंच लिहिलेलं नसतं.

अजून एक जोडी सांगतो, कारण ती माझी आवडती आहे. डिसेंबर १९८२. व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन, ७ फूट ४ इंच. जॉर्जटाऊनचा पॅट्रिक युइंग, ७ फूट. ११ डिसेंबरला दोघं समोरासमोर आले. सॅम्पसन २३ पॉइंट, १६ रिबाउंड, ७ ब्लॉक. युइंग १६ पॉइंट, ८ रिबाउंड, ५ ब्लॉक. व्हर्जिनिया ६८-६३नं जिंकली. बरोबरीच्या माणसासमोरची परीक्षा, पहिल्या श्रेणीत पास.

बारा दिवसांनी, २३ डिसेंबरला, देशात नंबर एक असलेली तीच व्हर्जिनिया हवाईमध्ये चॅमिनेड नावाच्या एका चिमुकल्या कॉलेजकडून ७७-७२ हरली. सॅम्पसनसमोर होता टोनी रँडॉल्फ, त्याच्यापेक्षा निदान अर्धा फूट बुटका. तो रिंगजवळ गेलाच नाही. बाहेर उभा राहून शॉट मारत राहिला, त्यामुळे सॅम्पसनला रिंग सोडून बाहेर यावं लागलं. रँडॉल्फ १९, सॅम्पसन १२. सॅम्पसन नुकताच आजारातून उठला होता हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण १९६८वाल्यांसारखाच.

म्हणजे 'उंचासमोर अवघड, बुटक्यासमोर सोपं' हे गृहीतकच कधीकधी उलटं पडतं. तोडीचा सेंटर तुमच्यासारखाच रिंगजवळ खेळतो, तुमचा खेळ तुमच्याच मैदानात होतो. चपळ, बुटका गडी तुम्हाला तुमच्या मैदानाबाहेर ओढतो.

हल्लीचं बघायचं तर झॅक एडी. परड्यू कॉलेज, ७ फूट ४ इंच, २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. मार्च २०२३मध्ये परड्यू हरली फेअरली डिकिन्सनकडून, ६३-५८. त्या वर्षी अख्ख्या डिव्हिजन वनमधला सरासरी उंचीनं सगळ्यात बुटका संघ हाच! एडीनं २१ पॉइंट, १५ रिबाउंड केले, पण शॉट फक्त ११ मिळाले. दोन-तीन जण त्याला वेढून उभे राहिले, बॉल आतच येऊ दिला नाही. मग ८ एप्रिल २०२४, राष्ट्रीय अंतिम सामना, समोर यूकॉन आणि त्यांचा डोनोव्हन क्लिंगन, ७ फूट २ इंच. इथं एडीनं ३७ पॉइंट केले, २५ शॉट घेतले. क्लिंगनचे ११. निकाल? यूकॉन ७५, परड्यू ६०.

हे कसं काय? कारण यूकॉननं मुद्दाम एडीला क्लिंगनवर सोडलं. घे बाबा, मार किती मारायचे ते. आणि बाकीचे चौघं परड्यूच्या शूटरना चिकटून राहिले. परड्यूचा पूर्ण सामन्यात तीन पॉइंटचा एकच शॉट गेला. तोडीचा सेंटर असण्याचा फायदा हा असा असतो: मदतीला दुसरा माणूस पाठवावा लागत नाही. क्लिंगननं एडीला थांबवलं नाही, पण एकट्यानं झेललं. नंतर त्याच वर्षीच्या एनबीए ड्राफ्टमध्ये क्लिंगन सातवा निवडला गेला आणि एडी नववा. ३७ विरुद्ध ११ बघून कुणाला पटेल का? निवडणारे बहुतेक दुसरंच काही मोजत होते.

आपल्याकडं बघा. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, ७ फूट २ इंच. लुधियानातून अमेरिकेत आयएमजी अकॅडमीत गेला. २०१५ला डॅलसनं त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. पण तो कॉलेज बास्केटबॉल खेळलाच नाही, सरळ शाळेतून ड्राफ्ट. एनबीएचा सामना काही त्याला खेळायला मिळाला नाही. कारणं अनेक असतील. माझ्या डोक्यात एक येतंच: कॉलेजची ती तीन-चार वर्षं, जिथं आठवड्याला दोनदा तुमच्या मापाचा कुणीतरी तुम्हाला ढकलतो, तीच नव्हती.

तर परत गच्चीवर. मावसभावाच्या सहा सामन्यांचे व्हिडिओ मी जमा केले. कुणाच्या तरी भावानं मोबाइल आडवा न धरता काढलेले, अर्ध्या वेळ पुढच्या माणसाचं डोकं. पण चाललं. सहापैकी दोनच सामन्यांत त्याच्या उंचीचा सेंटर समोर होता. मी व्हिडिओ थांबवत थांबवत एक्सेलमध्ये भरलं: बॉल कुठं पकडला, अंगावर कोण होतं, पुढं काय झालं. संघाची यादी बघायची नाही, अंगावरचा माणूस बघायचा. यात तीन रविवार गेले. मावशीला वाटलं मी क्रिकेट बघतोय.

जे दिसलं ते असं. बुटक्यांसमोर त्याचा एकच डाव आहे, बॉल डोक्यावर धरायचा, वळायचं, टाकायचा. त्याला अडवायलाच कुणी पोहोचत नाही. ६ फूट ४ इंचाचा एक पोरगा समोर आला तेव्हाही त्यानं तेच केलं, आणि तेच परत परत ब्लॉक झालं. मग चिडून फाउल. पहिल्या हाफमध्येच तीन. हे वाईट. पण त्याच दोन सामन्यांत रिबाउंडला त्याची जागा घेणं बिलकुल बिघडलं नव्हतं. पाठीनं समोरच्याला अडवून धरायचं आणि मग बॉलकडं जायचं, हे तो उंची नसल्यासारखा करतो. कुणीतरी नीट शिकवलंय. आणि दोन माणसं अंगावर आली की बाहेरच्या पोराला पास देतो, हेही दोन्हीकडं सारखंच होतं.

मी त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सहा सामने म्हणजे काहीच नाही, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे अर्धा उंच आहे, अर्धा चांगला आहे."

"शॉट उंचीचा आहे. बाकी तुझं आहे," मी म्हणालो.

काकांना विचारलं तर म्हणाले, "चाचणी होऊ दे, मग बघू." ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

आता सध्या काय चालू आहे ते सांगतो. १९६७ला अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली, ती १९७६पर्यंत टिकली. त्या काळात अल्सिंडर खेळत होता आणि त्याचा हुक शॉट पुढे जगभर गाजला. अंग समोरच्याच्या आणि बॉलच्या मध्ये ठेवायचं आणि लांबच्या हातानं डोक्यावरून टाकायचा. तोडीच्या माणसालाही तो अडवणं अवघड जातं. मावसभावाला तो शिकायचाय. अडचण एकच, फुलंब्रीत त्याच्यासमोर उभा करायला ६ फूट ४ इंचाचा माणूस कुठून आणायचा?

तर रोज संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर मी उभा राहतो, ५ फूट ७ इंच, हातात लांब दांड्याचा खराटा वर धरून. उंच सेंटरचा हात म्हणून झाडू वापरायची ही युक्ती अमेरिकेतल्या कॉलेजांनीही केलेली आहे, त्यामुळे हसू नका. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ वेळा बॉल खराट्याला लागला. काल दहापैकी सहा. बघणारी बारकी पोरं दर वेळी ओरडतात, "ब्लॉक!"

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. काय झालं ते सांगेन. तोवर तुमच्या गावात कुणी ६ फूट ४ इंचाचं असेल तर कमेंटमध्ये कळवा. खराटा धरून माझा खांदा गेलाय.